गोळी बरोबर, क्रम चुकला: मेंदूतली अळी, अल्बेंडाझोल आणि वाढलेल्या फिट

या प्रकरणातला तरुण कोणी एक व्यक्ती नाही. सांगली-मिरज पट्ट्यात न्यूरोसिस्टिसर्कोसिसचे, म्हणजे मेंदूत अळीची गाठ होण्याच्या आजाराचे रुग्ण ज्या वाटेने येतात, त्या वाटेवरच्या नेहमीच्या गोष्टी एका माणसाभोवती गुंफून हे लिहिलं आहे. डोस, दिवस आणि तपासण्या प्रत्यक्ष उपचारात असतात तशाच ठेवल्या आहेत.

वय 24, वजन 52 किलो, गाव मिरज तालुक्यात. काम सांगलीत, हळदीच्या गोदामात. घर माळकरी. आधी कधी फिट आलेली नाही, डोक्याला मार नाही, दारू नाही. हळदीच्या हंगामात संध्याकाळी पोतं शिवत असताना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप ओढला जाऊ लागला. दाभण हातातून पडलं. अंगठ्यापाठोपाठ मनगट, मग उजवा गाल उडू लागला आणि तो खाली कोसळला. सगळं अंग ताठ होऊन झटके आले, साधारण दोन मिनिटं. जीभ चावली, कपड्यात लघवी झाली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल. शुद्ध आल्यावर तासभर उजव्या हातात जोर नव्हता, त्यामुळे घरच्यांना लकवा वाटला.

ती अंगठ्याची सुरुवात बघणाऱ्या सहकाऱ्याने नीट सांगितली, हे फार मोलाचं ठरलं. फिट एका जागी सुरू होऊन पसरली याचा अर्थ मेंदूत एका ठिकाणी काहीतरी आहे. उजवा अंगठा म्हणजे डावा मेंदू, हालचालीच्या पट्ट्यातला हाताचा भाग. नंतरची तासाभराची अशक्तता ही लकवा नसते. त्या भागातल्या पेशी थकतात आणि काही वेळाने सावरतात. फिट आलेल्या माणसाजवळ जे उभे असतात त्यांनी कांदा शोधण्यापेक्षा दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: आधी काय हललं आणि घड्याळात किती वाजले होते.

पहिल्या रुग्णालयात फेनिटोइन हे फिटचं औषध शिरेतून दिलं, रात्री 300 मिग्रॅ गोळी सुरू केली आणि कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन काढला. डाव्या बाजूला पुढच्या लोबच्या मागच्या भागात 11 मिमीची कडीसारखी गोल गाठ, तिच्याभोवती सूज. अहवालात ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिसची शक्यता’ असं लिहिलं होतं. आठवड्याने मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून एमआरआय करा, असं सांगून घरी सोडलं. इथवर सगळं ठीक होतं.

बिघडलं ते त्या मधल्या आठवड्यात. मावसभावाला दोन वर्षांपूर्वी हाच आजार झाला होता. त्याची जुनी चिठ्ठी निघाली. तिच्यावर अळी मारणारं अल्बेंडाझोल 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा आणि प्रेडनिसोलोन, अशी दोन्ही औषधं होती. मेडिकलवाल्याने प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड असं सांगताच घरच्यांनी ते वगळलं. ‘स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होत्यात, नको ते,’ असा निर्णय झाला. नुसतं अल्बेंडाझोल चौथ्या दिवसापासून सुरू झालं. सोबत ‘एवढ्या गोळ्या नकोत’ म्हणून रात्रीची फेनिटोइन दोनदा चुकवली गेली.

हिशेब केला तर अल्बेंडाझोलचा डोस चुकीचा नव्हता. प्रौढांना 15 मिग्रॅ प्रति किलो प्रतिदिन देतात, 52 किलोला 780 मिग्रॅ, म्हणजे 400 च्या दोन गोळ्या. एकाच गाठीच्या रुग्णाला दिवसाला 800 च्या वर जात नाहीत. गोळी बरोबर होती, मात्राही बरोबर होती. नेमकं यामुळेच हे प्रकरण लिहिण्यासारखं आहे.

अल्बेंडाझोलच्या तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं फुटेल असं दुखू लागलं, दोन उलट्या झाल्या. तासाभरात दोन फिट. दुसरी थांबेना. रुग्णालयात आणलं तेव्हा पाच मिनिटं उलटून गेली होती आणि झटके सुरूच होते.

पाच मिनिटांच्या पुढे गेलेली फिट आपण होऊन थांबेल म्हणून वाट बघत नाहीत. कुशीवर वळवून ऑक्सिजन, बोटातून रक्त घेऊन साखरेची तपासणी आणि झटके थांबवायला लोराझेपॅम शिरेतून सावकाश. मात्रा 0.1 मिग्रॅ प्रति किलो, पण एका वेळी 4 मिग्रॅच्या वर नाही, म्हणून 4 मिग्रॅ. झटके थांबले. लगेच लेव्हेटिरासिटॅम हे फिटचं दुसरं औषध 2000 मिग्रॅ सलाइनमधून 15 मिनिटांत, म्हणजे सुमारे 40 मिग्रॅ प्रति किलो. रक्तातलं फेनिटोइनचं प्रमाण 6 निघालं. ते 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिली असायला हवं. पुन्हा सीटी केला, तेव्हा गाठ तेवढीच होती पण सूज जवळपास दुप्पट पसरली होती. मध्यरेषा सरकलेली नव्हती, म्हणजे सुजेने मेंदू एका बाजूला ढकलला गेला नव्हता. अल्बेंडाझोल बंद केलं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड 4 मिग्रॅ दर सहा तासांनी सुरू केलं.

आईचा पहिला प्रश्न असा होता: ‘किडा मरायचं औषध दिलं, मग फिट वाढली कशी?’

जिवंत अळी मेंदूत गुपचूप राहते. मटाराएवढ्या किंवा त्याहून लहान पाण्याच्या पुटकुळीत ती बसलेली असते आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला स्वतःकडे फिरकू देत नाही. वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही. त्रास सुरू होतो तो अळी मरू लागते तेव्हा. पुटकुळीची भिंत झिरपू लागते, आतला द्रव बाहेर येतो, शरीर त्याला परका ओळखून हल्ला करतं. त्या हल्ल्याची सूज मेंदूच्या पृष्ठभागाला चिडवते आणि फिट येते. म्हणजे या तरुणाला पहिली फिट आली तेव्हाच त्याची अळी आपोआप मरायला लागली होती. स्कॅनवरची कडी आणि सूज तेच सांगत होती. अल्बेंडाझोलने ती क्रिया एकदम वेगात आणली. उपचाराच्या साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात हा भडका दिसतो. स्टेरॉइड असतं ते हा भडका आवरायला. घरच्यांनी ज्याला घातक समजून वगळलं, ते त्या चिठ्ठीतलं संरक्षण होतं.

यातून उपचाराचा क्रम ठरतो. फिटचं औषध आधी आणि रोज न चुकता. मग स्टेरॉइड. अळीचं औषध सर्वांत शेवटी, आणि तेही काही तपासण्या हातात आल्यावरच. अळीचं औषध ही तातडीची गोष्ट नाही. स्कॅनचा कागद हातात पडला की माणूस घाबरतो, आजच्या आज किडा मारायचा असं त्याला वाटतं. आठ-पंधरा दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही. फिटचं औषध दोन रात्री चुकल्याने बिघडतं.

तपासण्यांपैकी सर्वांत जास्त वगळली जाणारी म्हणजे डोळ्याची. डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा बघायचा. अळी डोळ्यातही असू शकते. तिथे ती औषधाने मेली तर होणारी सूज दृष्टी घेऊन जाते. त्याच तपासणीत मेंदूतला दाब वाढला असेल तर दृष्टीच्या नसेवर सूज दिसते. दाब वाढलेला असताना, किंवा मेंदूभर शेकडो गाठी असून सगळा मेंदू सुजलेला असताना, अळीचं औषध देतच नाहीत. तिथे आधी फक्त सूज आणि दाब यांवर उपचार. या तरुणाचे दोन्ही डोळे स्वच्छ होते.

दुसरा प्रश्न क्षयाचा. आपल्याकडे मेंदूत एकच कडीसारखी गाठ दिसली की दोन शक्यता समोर उभ्या राहतात, सिस्टिसर्कस म्हणजे ही अळी, किंवा क्षयाची गाठ. 1980 च्या दशकात सीटी स्कॅन सर्रास होऊ लागले तेव्हा भारतात अशा कित्येक रुग्णांना क्षयाची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या शल्यचिकित्सकांनी अशा लहान गाठी काढून तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक मरत असलेल्या अळ्या निघाल्या. त्यांनी घालून दिलेले निकष आजही उपयोगी पडतात: गाठ एकच, 20 मिमीपेक्षा लहान, मध्यरेषा सरकवणारी सूज नाही, दाब वाढल्याची किंवा दिवसेंदिवस वाढत जाणाऱ्या अशक्तपणाची लक्षणं नाहीत, शरीरात इतरत्र क्षय नाही. इथे गाठ 11 मिमीची होती आणि एमआरआयमध्ये कडीच्या आत, एका बाजूला चिकटलेला बारीक ठिपका दिसला. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. तो दिसला की संशय जवळजवळ मिटतो. तरीही छातीचा एक्स-रे आणि मॅंटू ही क्षयाची त्वचेवरची चाचणी केली, कारण स्टेरॉइड दिल्यावर शरीरात दबलेला क्षय वर येऊ शकतो. यकृताच्या चाचण्या, पांढऱ्या पेशी, साखर आणि एचआयव्ही हेही पाहिलं. रुग्ण बाई असती तर गरोदरपणाची चाचणी आधी करावी लागली असती.

फेनिटोइनचा मुद्दा थोडा खोलात जाऊन सांगण्यासारखा आहे, कारण तो चिठ्ठ्यांवर सहसा दिसत नाही. फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन ही तिन्ही औषधं यकृताला इतर औषधं जलद संपवायला लावतात. अल्बेंडाझोलचा जो घटक प्रत्यक्ष अळीवर काम करतो, त्याचं रक्तातलं प्रमाण यांच्यामुळे निम्म्याच्या आसपास येतं, कधी त्याहूनही खाली. प्रॅझिक्वांटेल हे अळीचं दुसरं औषध, जे दोनपेक्षा जास्त जिवंत गाठी असताना जोडीला देतात, त्याची अवस्था याहून वाईट होते. प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोनही लवकर संपतं. म्हणजे फिटचं औषध अळीच्या औषधालाही मारतं आणि सुजेच्या औषधालाही. लेव्हेटिरासिटॅम हे करत नाही. म्हणून ते 750 मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू ठेवलं आणि फेनिटोइन दर तीन दिवसांनी 100 ने उतरवत बंद केलं. फिटचं कुठलंही औषध एकदम तोडायचं नसतं, पर्यायी औषध चालू असतानाही.

दवाखान्यात आल्यापासून तिसऱ्या दिवसानंतर डोकं दुखणं थांबलं, फिट आली नाही. चौथ्या दिवसापासून डेक्सामेथासोनच्या जागी प्रेडनिसोलोन 50 मिग्रॅ, सकाळी नाश्त्यानंतर, 1 मिग्रॅ प्रति किलोच्या हिशेबाने. सहाव्या दिवशी अल्बेंडाझोल पुन्हा सुरू केलं, 400 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. जुन्या चिठ्ठ्यांवर 28 दिवस लिहिलेले आढळतात. एका गाठीला आता एक ते दोन आठवडे पुरेसे मानतात. फेनिटोइनचा यकृतावरचा परिणाम पूर्ण ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून आणखी थोडं थांबूनही सुरू करता आलं असतं. आमच्या मते थांबलं असतं तरी नुकसान नव्हतं. पण कुटुंब दूर जाऊन पुन्हा स्वतःच गोळ्या सुरू करेल ही भीती खरी होती, आणि देखरेखीखाली कोर्स पुरा करून घेण्याचा निर्णय त्या परिस्थितीत योग्य होता.

अल्बेंडाझोल उपाशीपोटी घेतलं तर आतड्यातून फारच थोडं रक्तात जातं. स्निग्ध जेवणासोबत ते कित्येक पट जास्त शोषलं जातं, पाचपटीपर्यंत. आतड्यातल्या जंतासाठी हे महत्त्वाचं नाही, जंत तिथेच असतो. मेंदूतल्या अळीसाठी मात्र औषध रक्तात जायलाच हवं. म्हणून आईला औषधाच्या वेळा जेवणाला बांधून दिल्या: सकाळी भाकरीवर लोणी किंवा शेंगदाण्याची चटणी तेल घालून, रात्री तूप-भात, आणि गोळी जेवणाच्या मध्यावर.

कोर्स संपल्यावर दोन दिवसांनी प्रेडनिसोलोन उतरवायला घेतलं. दर तीन दिवसांनी 10 मिग्रॅ कमी: 40, 30, 20, 10, बंद. इथे दुसरी नेहमीची चूक होते. ‘अळीची गोळी संपली, आता बरं वाटतंय’ म्हणून स्टेरॉइडही त्याच दिवशी सोडतात. सूज आत शिल्लक असते, ती पुन्हा उसळते. महिनाभरापेक्षा कमी काळ घेतलेल्या स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतील या भीतीपोटी हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही. या काळात लक्ष ठेवायचं ते साखर, पोटातली जळजळ, झोप आणि ताप यांवर.

घरी आल्यावर पाचव्या आठवड्यात वेगळीच तक्रार. तो चिडचिडा झाला होता, ताट ढकलून उठायचा. घरच्यांना वाटलं, अळीने डोक्यावर परिणाम केला. तो लेव्हेटिरासिटॅमचा ओळखीचा दुष्परिणाम होता. मात्रा 500 मिग्रॅ दोनदा केली आणि दोन आठवड्यांत तो निवळला. हे आधीच सांगितलं असतं तर घरातले ते दिवस वाचले असते; पहिल्या चिठ्ठीसोबतच ही गोष्ट बोलायला हवी.

फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर काय, हेही लिहून दिलं. मिडाझोलामचा नाकातला फवारा, एकूण मात्रा 0.2 मिग्रॅ प्रति किलो, कमाल 10 मिग्रॅ. एका फवाऱ्यात किती औषध निघतं ते बाटलीनुसार बदलतं, त्यामुळे ‘दोन फवारे मारा’ असं मोघम ऐकून येऊ नये. आपल्या बाटलीचे किती फवारे ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावं. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत. हळद पॉलिश करणाऱ्या फिरत्या ड्रमजवळचं काम बंद करून मालकाने त्याला वजनकाट्यावर घेतलं. गाडी, विहिरीचा काठ, कृष्णेतलं पोहणं, हे सगळं तूर्त बंद.

‘आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही, मग हे डुकराचं कुठनं आलं?’ हा प्रश्न या घराने विचारला तसा इथली बहुतेक घरं विचारतात, आणि त्यात थोडी लाजही असते. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं तर आतड्यात लांब पट्टकृमी होतो, मेंदूत अळी होत नाही. मेंदूत अळी होते ती त्या पट्टकृमीची अंडी पोटात गेल्याने. ती अंडी येतात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून. हाताला लागलेली, पाण्यातून वाहिलेली, पाल्याला चिकटलेली. शेतात उघड्यावर शौच, मग पाऊस किंवा पाट, मग मेथी-कोथिंबीर-मुळा. किंवा त्याहून सरळ: जेवण वाढणाऱ्याचे न धुतलेले हात. मांस न खाणाऱ्याला हा आजार व्हायला काहीच अडचण नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण ज्यांना फडाशेजारी सहा महिने संडासाशिवाय राहायला लावलं जातं, त्यांचा हा दोष नाही.

कोबी-फ्लॉवरमधली हिरवी अळी मेंदूत जाते, ही समजूत इतकी पक्की आहे की या घराने कोबी कायमचा बंद केला होता. ती अळी फुलपाखराची किंवा पतंगाची. शिजली तर मरते, पोटात गेली तर पचते. धोका असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा. कच्ची खायची पालेभाजी पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, गाजर-मुळा सोलावा. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्यावर विसंबू नये. शिजवलेलं बिनधास्त खावं.

आणि गेल्या महिन्यात कोणाकडे जेवलो, याचा शोध घेण्यात अर्थ नसतो. भारतातून परत गेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या जुन्या नोंदींतून दिसलं की संसर्ग आणि पहिली फिट यांत बहुधा काही वर्षं जातात. घरातल्या कुणाला आत्ता पट्टकृमी आहे का, हे मात्र बघायला हवं. सगळ्यांच्या शौचाचे तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासले, कोणाला तांदळाच्या दाण्यासारखे किंवा पट्टीचे पांढरे तुकडे पडतात का ते विचारलं. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर निक्लोसामाइड 2 ग्रॅम एकदाच हे पहिलं औषध, कारण ते आतड्यातच राहतं. प्रॅझिक्वांटेलनेही पट्टकृमी मरतो, पण ते रक्तात जातं आणि त्या माणसाच्या मेंदूत न कळलेली गाठ असेल तर तिला छेडून फिट आणू शकतं.

सहा महिन्यांनी सीटी केला. कडी गेली होती, सूज गेली होती. त्या जागी 3 मिमीचा पांढरा खडा राहिला होता. घरच्यांनी लगेच विचारलं, ‘अजून आहे की, आणखी एक कोर्स करूया का?’ नाही. तो खडा म्हणजे मेलेली अळी चुना धरून बसली आहे. तिच्यावर अल्बेंडाझोल काही करत नाही. पण खडा राहिला की पुढे फिट येण्याची शक्यता राहते, त्याच्याभोवती अधूनमधून सूज येऊ शकते. गाठ पूर्ण विरघळली असती, मधे फिट आली नसती आणि एकूण दोनपेक्षा जास्त फिट झाल्या नसत्या, तर शेवटच्या फिटपासून सहा महिने गेल्यावर औषध उतरवण्याचा विचार करता आला असता. 2021 मधल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही कमी धोक्याच्या रुग्णांत याच दिशेने जातात. इथे तिन्ही गोष्टी उलट होत्या: खडा, उपचारादरम्यान फिट, एकूण तीन फिट. म्हणून किमान दोन वर्षं फिटमुक्त होईपर्यंत लेव्हेटिरासिटॅम सुरू, आणि त्यानंतरही निर्णय नव्याने.

त्याच भेटीत बहिणीने विचारलं, की तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत 10 फेब्रुवारीला जंताची गोळी देतात, तीसुद्धा अल्बेंडाझोलच ना, मग ती बंद करू का. गोळी तीच, पण राष्ट्रीय जंतनाशक दिनाला 400 मिग्रॅ एकदाच देतात, आतड्यातल्या जंतासाठी. मेंदूतल्या अळीचा उपचार म्हणजे रोज 800 असे दहा दिवस. निरोगी मुलाची शाळेतली गोळी मामाच्या आजारामुळे थांबवू नये, असं तिला सांगितलं. ज्या मुलाला फिट येतात किंवा कारण न कळलेली डोकेदुखी आहे, त्याच्या पालकांनी मात्र शिक्षकांना ते आधी सांगावं आणि गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. तिच्या मुलाला असं काही नव्हतं. त्याने ती गोळी चावून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेला.